पोरीच्या पोटाचा फोटो

नव्वद साल अजून उजाडायचं होतं. थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. त्यात तिची कूस दुखायला लागली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं यंत्र फिरवून पोट बघितलं. मुतखडा होता, तो औषधानं पडला. पण बघता बघता त्याला मूत्रपिंडाच्या वर एक गाठ दिसली. त्यानं हैदराबादला मोठा फोटो काढायला धाडलं.

तिथला डॉक्टर म्हणाला, "अम्मा, ये तो ऐसेच दिख गई. छे महिने बाद फिर देखेंगे."

फोटोचं पाकीट पिशवीत मावेना. नवरा बसमध्ये ते मांडीवर उभं धरून बसला. वाटेत मन्नाएखेळ्ळीच्या थांब्यावर त्याच्या ओळखीचा एक अडत्या चढला.

"काय वो अण्णा, जमिनीचा नकाशा आणलाव का?"

"नकाशा कशाचा! पोरीच्या पोटाचा फोटो हाय. हैदराबादचा." नवऱ्यानं फोटो खिडकीला लावला. "ही बगा गाठ. बोराएवढी."

सगळी बस वाकून बघायला लागली. पोरगी पुढच्याच बाकावर होती, तिनं मान वळवली नाही. मी नवऱ्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर एवढी माणसं बघतायत म्हणून मलाही बरं वाटलं.

तो अडत्या पोरीला ठरलेल्या मुलाच्या आईचा चुलतभाऊ निघाला. चौथ्या दिवशी मुलाचा बाप दारात.

"पोरगी चांगली हाय. पर पोटात गाठ हाय म्हणे. उद्या लेकरू न्हाई झालं तर?"

मी म्हणाले, "गाठ मूत्रपिंडावर हाय. गर्भाच्या पिशवीत न्हाई."

"पोटातच हाय न्हवं?"

लग्न मोडलं. सहा महिन्यांनी परत हैदराबाद. गाठ तेवढीच होती. डॉक्टर म्हणाला, काही करायची गरज नाही. पोरगी त्याला म्हणाली, "काटके निकालो." तो हसला. "तकलीफ नहीं देती, कायकु काटना?"

परतताना नवरा खुशीत होता. "आता जाऊन दावतो मुलाकडच्यांना."

"कुणालाबी दावू नका, अप्पा," पोरगी म्हणाली. "माझ्यासाठी तरी नका."

तो ऐकणारा नव्हता. दुसऱ्याच दिवशी नवा फोटो घेऊन त्यांच्या घरी गेला. त्यांनी बसवलं, फोटो उजेडात धरून बघितला, बरं झालं म्हणाले. चहा त्यांच्या नव्या सुनेनं आणून दिला. हे सगळं त्यानंच घरी येऊन सांगितलं, पोरीसमोर. चहा चांगला होता, हेही सांगितलं.