इस्त्रीमास्तरांची विस्कटलेली कॉइल

पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देणाऱ्या या गृहस्थांना अख्खा बाजार इस्त्रीमास्तर म्हणायचा. कारण त्यांनी गुंडाळलेली तार इस्त्री केल्यासारखी दिसे. एक वेढा चुकून दुसऱ्यावर चढला, की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळो.

अशा माणसाच्या लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप मुका झाला. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालची चुंबकांची पट्टी आणि तिच्याभोवती केसाहून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल. रविवारी तिचा पहिलाच कार्यक्रम. ती नवा आणायला निघाली, तर मास्तर आडवे आले. घरात तार गुंडाळायचं वाइंडर असताना कॉइल विकत आणायची म्हणजे शोभा झाली. शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि ते हट्टाला पेटले.

पहिला पिकअप सूर सोडून माणसांचं ऐकायला लागला. त्याच्यावर वाकून मास्तर जे पुटपुटले ते स्पीकरमधून थेट शेजारच्या शिंप्यापर्यंत पोचलं, आणि ते काही चारचौघांत बोलायचं नव्हतं. कॉइल वितळलेल्या मेणात बुडवली तेव्हा कुठे ती खोड मोडली, पण सूर काही खुलला नाही.

दुसऱ्या पिकअपला त्यांनी आठ हजार वेढे असे घातले, की बघत राहावं.

लेकीने वाजवून पाहिलं. "बाबा, दिसायला सुंदर आहे. पण उशीत तोंड खुपसून गातोय."

तिसरा त्याहून नीटनेटका झाला आणि त्याहून घुसमटला. मास्तरांची झोप उडाली. लेक दुकानातलाच पिकअप लावून स्टेजवर जाणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

गुरुवारी बारीक तारेकडे बघून बघून त्यांचे डोळे पाणावू लागले, तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही हँडल फिरवा, तार मी धरते. तार धरली खरी, पण भावाने घेतलेल्या फ्रिजची कथा सांगता सांगता तिचा हात वाटेल तसा भटकला. कॉइल झाली नुसती झिपरी. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि सकाळी उसवायची म्हणून बाजूला ठेवली.

लेकीला दम कुठला? तिने तीच गिटारमध्ये बसवली. आणि सूर असा खणखणीत निघाला, की मास्तर धावत येऊन गिटारवर वाकले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वेढे एकमेकांना चिकटून बसले की वरचे सूर दबतात, सैलसर भटकले की मोकळे होतात. इतके दिवस ते सुरालाच इस्त्री करत होते. त्यांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. तीस वर्षांचा हात, आणि बाजी मारली फ्रिजच्या कथेने.

रविवारी कार्यक्रम रंगला. संपल्यावर एक दाढीवाला वादक विचारत आला, की हा पिकअप कोणी केला, मलाही हवाय. लेकीने अभिमानाने वडिलांकडे बोट दाखवलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मास्तरांनी घसा खाकरला आणि शेजारी उभ्या बायकोला पुढे केलं.

"वाइंडिंग हिचं आहे. मी फक्त हँडल फिरवलं."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मास्तरांनी वाइंडिंगचं श्रेय दुसऱ्या कुणाला दिल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं. मग ती वादकाला म्हणाली, "करून देईन. पण गप्प बसून मला जमत नाही. ऐकायला कोणीतरी लागेल."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले.