दोरी धरायची, ओढायची नाही: पाणकोंबडीसोबत आसेगाव ते वाशीम

शाळकरी पोरांच्या पाण्याखालच्या रोबोटची स्पर्धा वाशीमला आहे आणि मुलींच्या टीमसोबत घरची एक बाई पाहिजे, असा नियम निघाला. तेव्हा सगळ्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. टीममधल्या ऋतुजाची आई तुरीच्या सोंगणीत. सानियाच्या आईच्या मशीनवर लग्नाच्या कपड्यांचा ढीग. रिकामी बाई एकच, मी.

"आजी, तुम्ही याल का?" विज्ञान शिकवणाऱ्या इंगळे मॅडमनी विचारलं.

"येतो ना. पन मले पाण्यात उतरा लागन काय?"

"नाही हो. तुम्ही फक्त बसायचं. बोलायचं मात्र नाही, तोही नियम आहे."

टीममधलीच माझी नात वैष्णवी लगेच म्हणाली, "मॅडम, मंग दुसरी बाई पाहा."

तरी मीच गेले. आता मी सांगते आहे आणि तीच टाइप करते आहे, कारण मला अक्षर येत नाही. माझं 'येतो-जातो' ती लिहिताना 'येते-जाते' करून घेते. म्हणते, लोकांना कळलं पाहिजे. लोकांनाही थोडी मेहनत करू दे की.

तुम्हीही नातवंडांना घेऊन अशा स्पर्धेला जाणार असाल तर पुढचं कामी येईल. पण आधी आमचं काय अडलं होतं ते सांगते. माझा मुलगा गजानन आणि सून दसरा झाला की पुण्याकडे वीटभट्टीवर जातात, उन्हाळ्यात परततात. यंदा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून वैष्णवी माझ्याजवळ मागे राहिली. आता डोळा बरा झाला, आणि तिकडे सुनेला बाळ झालं. गजाननचा फोन आला, "माय, पोरीले पाठव. आमी दोघं कामावर, लेकरू झोळीत रडत राह्यते. त्याले कोन पाह्यन?"

मी शाळेचं सांगितलं, स्पर्धेचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढं निवड झाली त राहू दे तिले. नाही झाली त सोमवारच्या गाडीत बसवून दे."

पोरगा वाईट नाही. लेकरू रडत असलं की बापाला शाळा दिसत नाही, एवढंच. वैष्णवी नववीत आहे. भट्टीवर गेलेली पोरगी पुढच्या जूनमध्ये शाळेत परत येते की नाही, हे आमच्या गावात कोणालाही विचारा.

पहिला दिवस: आसेगाव, मंगरूळ, वाशीम

सकाळची एसटी धरा, जागा मिळते. बायांना तिकीट अर्धं, आणि माझ्यासारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर नाहीच. आधार कार्ड तेवढं पोलक्यात ठेवा. यंत्र असेल तर मागचं लांब सीट गाठा, पण ते मांडीवर घ्या. या रस्त्यावर गतिरोधक पेरल्यासारखे आहेत.

आमचं यंत्र म्हणजे पांढऱ्या पाइपांचा चौकोनी सांगाडा. त्याला तीन मोटारी, पुढे कॅमेरा, कॅमेऱ्याखाली एक चिमटा, वर तरंगायला दोन बंद बाटल्या. मागून वायरींची लांब दोरी निघते. मुलींनी नाव ठेवलं पाणकोंबडी. कंडक्टरनं दोन वेळा वाकून पाहिलं.

"आजी, स्प्रिंकलर घेऊन चाल्लात काय?"

"पाणकोंबडी हाय."

"अंडे देते काय?"

"तू पह्यले पोरीले तिकीट दे, मंग अंडे माग."

मंगरूळला उतरलो. सानियाचं घर दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीत. तिच्या आईनं मशीनवरून न उठता आम्हाला बसवलं आणि जेऊही घातलं. कसं जमवलं ते मला कळलं नाही. मी दर्ग्यासमोर हात जोडले. वैष्णवीनं विचारलं, "काय मांगतलं?" मी म्हटलं, "तुह्यासाठी नाही मांगतलं, माह्या गुडघ्यासाठी मांगतलं." खोटं बोलले. तेवढं चालतं.

ऋतुजा बॅटरी घेऊन मॅडमसोबत पुढे आली होती; दोघी स्टँडवरच भेटल्या, आणि तिथून वाशीमची गाडी. बाहेर तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, हरभरा घाट्यांवर आलेला. पोट्ट्या गाणी म्हणत होत्या आणि मी कोंबडी सांभाळत होते.

वाशीमला एका कॉलेजात पोहण्याचा हौद आहे, स्पर्धा तिथेच. राहणं-जेवण कॉलेजकडे होतं, आपल्याला गाडीभाडं आणि चहापाणी तेवढं. संध्याकाळी सगळ्या टीमना बसवून नियम समजावले. वाचता येत नसलं की माणूस कान देऊन ऐकतं, म्हणून मला सगळे पाठ झाले. बॅटरी स्कूटरची असते तेवढ्याच ताकदीची, तिच्याजवळ फ्यूज पाहिजेच. फ्यूज नाही तर यंत्र पाण्यात नाही. पायात बंद बूट, केस बांधलेले. यंत्रातलं काही सुटून हौदात राहिलं तर गुण कापणार. तळाशी रिंगा ठेवल्या आहेत, त्या उचलून टोपलीत टाकायच्या. आणि जी पोरगी यंत्र चालवते तिनं पडद्याआड बसायचं, हौदाकडे पाहायचं नाही. कॅमेऱ्यातून टीव्हीवर दिसेल तेवढंच तिचं.

हौदाच्या काठावर उभी असते ती दोरीवाली. तिला सगळं दिसतं. पण रिंग उजवीकडे आहे की डावीकडे हे तिनं सांगायचं नाही. बोलायचं तर फक्त दोरीचं. दोरी द्यायची, घ्यायची, गुंता होऊ द्यायचा नाही. ओढून यंत्र हलवलं की ती फेरी शून्य.

मी मॅडमना म्हटलं, "हे त नव्या सुनेवानी झालं. दिसते सगळं, बोलाचं काहीच नाही."

आमची दोरीवाली वैष्णवी. का, तर सराव आमच्याच विहिरीत झाला. गावात नळ एक दिवसाआड, तोही मनात आलं तर. बाकी पाणी ती शेंदून आणते. दोरीवर तिचा हात बसलेला. सगळ्यांना वाटलं, हिच्यासारखी दोरीवाली जिल्ह्यात नसेल.

दुसरा दिवस: हौद

सकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर आलूबोंडा खाल्ला, वर झणझणीत रस्सा. रस्सा वेगळा मागा, नाहीतर बोंडा त्यात पोहायला लागतो. पोटभर खाऊ नका मात्र. दिवसभर खुर्चीवर बसायचं असतं.

प्रत्येक टीमला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. जास्त गुणांच्या दोन टीम पुढे नागपूरला जाणार. मोठ्या माणसांसाठी पिवळा पट्टा मारलेला, त्यामागे खुर्च्या. शिट्टीवाला परीक्षक तरुण, फार गोड बोलणारा. "आजी, पट्ट्याच्या मागे हं. आणि सूचना द्यायच्या नाहीत."

पहिली फेरी. ऋतुजानं बॅटरी जोडली, सानिया पडद्याआड गेली, पाणकोंबडी पाण्यात उतरली. हौदाचं पाणी निळं, तळ लख्ख. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं मला तळाच्या रिंगा मोजता येत होत्या. सानियानं एक रिंग चिमट्यात धरली. यंत्र वर येऊ लागलं, जड झालं, दोरी ताणली.

आणि वैष्णवीनं काठावर पाय रोवला, कमरेत वाकली आणि हातावर हात टाकत दोरी वर घेतली. एक हात, दुसरा हात. बादली भरली की पोरगी जशी ओढते, अगदी तशी. डोक्याला कळायच्या आधी हातांनी काम करून टाकलं होतं.

"सोड व माय! सोड!" मी ओरडले.

शिट्टी दोनदा वाजली. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. फेरी शून्य, आणि मला ताकीद: पुन्हा आवाज आला तर टीमचे गुण कापणार.

बाहेर लिंबाखाली येऊन बसलो. मग सानिया बोलली, आणि चांगलीच बोलली. "मैं अंदर बैठके आंख फोड रही, और तू बाहेरून पानी भरून राह्यली? ऋतुजाले दे दोरी."

ऋतुजा घाबरली. "मले नाही जमत. मी बॅटरी पाहतो."

वैष्णवी बुटाच्या नाड्या सोडत होती, बांधत होती. "मी नाही ओढलं," ती म्हणाली. "आपोआप झालं. दोरी जड झाली की मले ओढाच लागते."

मॅडम काही सांगायला गेल्या आणि थांबल्या; मोठ्यांनी मदत करायची नाही, हा नियम त्या झाडाखालीही पाळत होत्या. मी पाणी दिलं. विहिरीवर उभं राहायला तिला मीच शिकवलं होतं. सोमवार मात्र माझ्यासमोर येऊन बसला होता.

सानिया तिच्या पायांकडे पाहत होती. राग उतरत होता. मग म्हणाली, "तू उभी कायले राह्यते?"

"मंग?"

"खाली बस. बसून पानी कोन शेंदते?"

वैष्णवीनं मान वर केली. तिथेच मातीत मांडी घालून बसली आणि ऋतुजाला दोरीचं दुसरं टोक ओढायला लावलं. पाय रोवायला जागा नाही, कंबर वाकत नाही. तळहात उघडे ठेवले तर दोरी नुसती सरकत जाते. ऋतुजानं दोन झटके दिले. वैष्णवी हसायला लागली, मग तिघी.

दुसऱ्या फेरीला मी तोंडात सुपारीचं खांड धरलं. बोलायला गेले तर सुपारी पडेल, एवढा बंदोबस्त. वैष्णवी हौदाच्या काठावर मांडी घालून बसली, जशी पंगतीला. बाकीच्या टीमची पोरं हसली. एका बापानं विचारलंसुद्धा, "हिला बरं नाही का?" मला उत्तर येत होतं. सुपारी होती म्हणून वाचला.

पहिली रिंग टोपलीत. दुसरीही. तिसऱ्या रिंगेला यंत्र टोपलीच्या स्टँडमागून वळलं आणि दोरीचा एक वेढा स्टँडच्या पायाला बसला. पाणकोंबडी जागीच थरथरायला लागली. वरून एक हिसका दिला असता तर सुटली असती. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. दोरी तिच्या तळहातावर ताठ झाली. बोटं मिटायला लागली. माझीही मिटली, पदर मुठीत आला.

तिनं बोटं उघडली. एकेक करून.

"दोरी अडकली," ती मोठ्यानं म्हणाली. "स्टँडच्या पायाले एक वेढा हाय."

पडद्याआडून सानियाचा आवाज, "दोरी ढिली दे."

"देतो."

टीव्हीवर सानियानं आपलीच दोरी शोधली आणि तिच्या कडेकडेनं यंत्र मागे नेलं. गोठ्यातली गाय खुंट्याला फिरलेली असते तेव्हा तिला उलटी फिरवतात, तसं. वेढा सुटला. तेवढ्यात वेळ बराच गेला होता, पण तिसरी रिंग पडली टोपलीत, आणि लगेच शिट्टी झाली.

निकालाला दुपार सरली. वाशीमच्याच एका शाळेचा पहिला नंबर, त्यांची चार रिंगांची फेरी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. दुसरं नाव आमचं. मी सुपारी गिळली.

परतीची वाट: जऊळका

वाशीमहून मंगरूळला परत यायची सरळ वाट बसची. पण पोरींना रेल्वेत बसायचं होतं आणि मॅडमचं माहेर जऊळक्याचं. म्हणून पॅसेंजरनं जऊळका, तिथे मुक्काम आणि सकाळी मॅडमच्या भावाच्या गाडीनं मंगरूळ, असं ठरलं. वाट वाकडी आहे, पण हिवाळ्यात करा. मॅडमच्या आईनं हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि भरीत केलं होतं. सानियाला भरीत इतकं आवडलं की तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कृती विचारली.

जेवणाआधी, स्टेशनावर उतरल्या उतरल्या, गजाननला फोन लावला. बाकावर बसून मीच बोलले.

"झाली काय निवड?"

"झाली. दुसरा नंबर."

"बरं झालं, माय." खरंच बरं वाटलं होतं त्याला, आवाजात होतं. मागे बाळ रडत होतं. "राहू दे मंग तिले. शब्द देला होता."

"लेकराचं कसं करान?"

"पाहू. झोळी हायच."

बाळ रडतच होतं. वैष्णवीलाही ऐकू गेलं असणार, ती रुळांकडे पाहत होती. आनंदाच्या दिवशी पोरीच्या तोंडावर ते सावट मला बघवेना.

"मी येतो," मी म्हटलं.

"तू? तुहा डोळा?"

"आज या डोळ्यानं हौदाच्या तळाची रिंग पाह्यली. तुहं लेकरू नाही दिसन काय मले?"

"धूळ हाय माय इथं."

"काळा चष्मा देला हाय दवाखान्यातून. घालीन. लेकरू भेलं त भेलं."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

घरी

तर आता आसेगावात आहे, पिशवी भरते आहे. वैष्णवी ऋतुजाकडे राहणार. दोन्ही घरांत एकच भिंत आहे, आणि ऋतुजाच्या आईनं स्वतःहून हो म्हटलं. नागपूरला मुलींसोबत तीच जाईल, तोवर तिची तूर घरात येईल.

त्या हौदात मला यंत्राचं काही फार कळलं असं नाही. मोटार का फिरते हे वैष्णवीनं तीनदा सांगितलं, तीनदा मी मान हलवली. पण मिटत आलेली बोटं तिनं स्वतः उघडली, ते मी पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची परवानगीच नव्हती. तुम्ही कुणाला घेऊन गेलात तर पुढच्या रांगेत बसा आणि पाण्याकडे कमी, पोरांच्या हातांकडे जास्त पाहा. आणि गप्प बसा. कठीण आहे, जमतं.

हे टाइप करता करता वैष्णवी थांबली.

"आजी, तू नागपूरले असती त बरं झालं असतं."

"कायले? मी असली की गुण कापतात तुमचे."

ती हसली नाही. म्हणाली, हेही लिहू का नको? मी म्हटलं, लिही. आणि खाली हेही लिही की तिकडे बाळाला मांडीवर घेऊन मी रोज संध्याकाळी फोन लावणार आहे, आणि तेव्हा मला गप्प बसवणारा कोणी शिट्टीवाला नसेल.