जोडहोडीत पाणी

सातपाटीच्या किनाऱ्यावर दामूला कुणी विचारलं, "कसा हायस?" तर दामू म्हणायचा, "हाय." बस्स. आणि त्यात खोटं काही नव्हतं. माणूस चालत होता, जेवत होता, हाक मारली तर ओ देत होता. मार्चात त्याचा मितेश बोईसरहून कामावरून येताना मोटरसायकल घसरून गेला, तेव्हापासून दामूच्या आत कसली म्हणून हालचाल नव्हती. एकदा त्याची बायको हंसा कालवणात मीठ घालायला विसरली. दामू जेवला, ती जेवली, सून भाविका जेवली, तिघांनी ताटं उचलली. उरलेलं कालवण शेजारच्या सुलूने चाखलं आणि थू थू केलं, तेव्हा कुठे कळलं.

गावाला काय, तोंड आहे. "पोर गेला नि बापाच्या डोळ्याला पानी नाय," म्हणायचे. अरे मेल्यांनो, रडणं म्हणजे काय नळ आहे, फिरवला की आला?

दामू होड्यांचा सुतार. चाळीस वर्षं मासेमारीच्या लाकडी होड्या उघडत, जोडत आला. मितेशने लाकूड तासायचा वाकस काही हातात धरला नाही, तो गेला कारखान्यात. पण समुद्र रक्तातून जातोय थोडाच! सहा वर्षांपूर्वी त्याने मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने टाकून दिलेली शिडाची जोडहोडी टेम्पोत घालून आणली. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी, वर आडव्या दांड्या, मधे बसायला जाळी. वयाने मितेशपेक्षाही मोठी. दामूने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही होडी हाय का आकाशकंदील?"

हसला खरा, पण गुंतला तोच. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बापलेक तिच्यावर ओणवे. एक जागा सांधावी तर दोन उसवायच्या. मग दिवाळीनंतर मितेश आणि भाविका ती वाऱ्यावर काढत. भाविका दोरीला धरून पाठ पाण्यावर टाकायची, वेणी लाटेला लागायची, आणि किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका "अगो बाय बाय!" करत कपाळावर हात मारायच्या.

यंदा जून लागला तरी जोडहोडी ताडपत्रीखालीच होती. एक दिवस भाविका सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, नारळी पुनवेला मी ती काढनार हाय. एकटी. तुमी तेवडी दुरुस्त करा. मला आजून एकदा तिच्यावर बसायचंय."

"बरं," दामू म्हणाला.

काम चोख झालं, त्यात वाद नाही. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांना कुसळं फुटली होती, त्या बदलल्या. सुकाणूची झिजलेली खीळ पालघरला जाऊन नवी करून आणली. जाळी हंसाने दारात बसून विणली, गाठीवर गाठ. डाव्या अंगाला फायबरचं ठिगळ लावताना दामूचा अंगठा चिरला. त्याने रक्ताकडे पाहिलं, चड्डीला पुसलं आणि पुढचा तुकडा कापायला घेतला. भाविका मात्र रोज येऊन बघायची, शीड उन्हात धरायची, "इथं घट्ट करा, तिथं सैल हाय," म्हणून भुणभुण करायची. त्या घरात निदान एकीला तरी कशाची वाट बघायची होती.

पुनव चार दिवसांवर आली. भाविका वडराईला माहेरी गेली, आदल्या दिवशी येते म्हणाली.

आता सातपाटीतलं शेंबडं पोरही सांगेल, महिनोन्‌महिने कोरड्यात पडलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आक्रसतात, फटी पडतात. म्हणून पाण्यात लोटायच्या आधी होडीतच पाणी भरून ठेवायचं. लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात. दामूने जन्मभर हेच केलं. त्याने बादली उचलली, टाकीवरून पाणी आणलं आणि जोडहोडीची दोन्ही अंगं काठोकाठ भरली. वर ताडपत्री टाकली. तीन दिवस.

भाविका परतली ती पिशवी दारात टाकून थेट होडीकडे गेली. ताडपत्री काढली. फायबरच्या कातडीवर भाकरीसारखे फोड आले होते. तिने अंगठा दाबला, तो आत गेला. वरून फायबर, पण खाली सगळं जुनं प्लाय. बाहेरून समुद्र लागला तर चालतो, पोटात पाणी गेलं की पापुद्रे सुटतात. दोन्ही अंगांचा लगदा झाला होता. ती होडी उद्याच्या काय, कुठल्याच पुनवेला आता पाण्यात जाणार नव्हती.

दामू पाठीमागे येऊन उभा होता.

"बाबा, पानी कुनी भरलं?"

"मी."

"ही प्लायची हाय. तुमाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

दामूने बादली घेतली आणि वाकून आतलं पाणी उपसायला लागला. उपसता उपसताच बोलला, मार्चपासून पहिल्यांदा इतकं.

"दर वर्साला मी बादली उचलायचो. हाताला सवय. नि तो तिकडनं वरडायचा, 'ओ बाबा, ठेवा ती बादली!' यंदा उचलली. कोन वरडलं नाय. म्हनून वतली. दुसरी वतली. वाटलं, आता वरडंल. दोनी अंगं भरली, तरी कोन वरडलं नाय गं."

भाविकाची पुनव गेली होती, आणि ज्याने घालवली तो म्हातारा उपसलेल्या पाण्याने झालेल्या चिखलात उभा राहून बादल्या उपसत होता. तिला राग आला, अगदी खरा, बेंबीच्या देठापासून.

"ओ बाबा!" ती किंचाळली. "ठेवा ती बादली! ठेवा म्हनते ना! अक्कल हाय का तुमाला? खालचं बूच काढलं की पानी जातंय ना आपोआप!"

दामूच्या हातातून बादली सुटली. तो मटकन चिखलात बसला, आणि हंसा घरातून धावत येईपर्यंत, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा, रडत राहिला.