आंबा सोडलेला माणूस

इंग्रजी अमदानीत मी रिसोडला शाळामास्तर होतो. उन्हाळ्यात तिथल्या आठवडी बाजारात गावरान आंब्यांच्या गाड्या लागत, आणि त्यांच्यापाशी एक पागोटेवाले म्हातारबुवा हटकून दिसत. स्वतः एकही आंबा घेत नसत. गिऱ्हाईक अनोळखी असलं तरी त्याला आंबे मात्र तेच निवडून देत. देठाशी नाक नेत, डोळे मिटत, आवंढा गिळत आणि म्हणत, "हा घ्या, मध हाये निरा."

एकदा मी त्यांना एक आंबा खाऊ घालू लागलो, तर दोन पावलं मागे सरले. "नाही मास्तर. काशीले गेलो होतो तवा आंबा सोडून आलो."

काशीला आवडती वस्तू सोडायची चाल होती खरी, पण आमच्याकडचे यात्रेकरू बहुतेक कारलं सोडून येत. मी तसं म्हणालो.

हातातला आंबा हुंगतच ते हसले. "कारलं सोडलं असतं तर मले देव कायले आठवला असता? आता ह्याचा वास आला का तोंडाले पाणी सुटते, अन् लगेच देवाची याद येते."

पुढे मीही काशीला जाऊन आलो. कारलं सोडलं. आंबे पोटभर खातो. खाताना ते म्हातारबुवा आठवतात, देव काही आठवत नाही.