नागलीला बोटं असतात

माझा ओएचपीचा किस्सा नाशिकच्या निम्म्या मास्तरांना तोंडपाठ आहे. बी.एड.चा वार्षिक पाठ, पडद्यावर चित्रं फेकणारं ते यंत्र, आणि त्याचा बल्ब असा पेटला की दिवस उगवला समजून गोदावरीतले मासे वर आले — वगैरे वगैरे. शेवटी त्यात एक ढ मुलगी येते. तिथे हमखास हशा. तुम्हीही हसला असाल. आज तोच सांगतो, पण घडला तसा. तसा तो माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेला नाही — बायकोपुढेही नाही, आणि तिच्यापासून माझं काय लपतं?

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्हा छात्राध्यापकांना नवं खूळ मिळालं होतं — कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. मी काय कमी? आठवीची चाळीस डोकी एका दुपारात तीन रकान्यांत बसवली. पत्रिका बघणारे गुरुजीसुद्धा याहून जास्त वेळ घेतात.

त्यातली यमुना सुरगाण्याच्या डोंगरातली. आईबाप दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर, ही शहरात वसतिगृहात. तिला मी ‘बघून शिकणारी’ ठरवलं होतं. ते मात्र — काय सांगू — अगदी बरोबर निघालं.

माझा पाठ धान्यांवर. पारदर्शिकेवर, म्हणजे यंत्रावर ठेवायच्या प्लास्टिकच्या पातळ कागदावर, चित्रं रंगवायला चार दिवस लागले. किस्स्यात मी महिना सांगतो. परीक्षकांच्या आधी वर्गात रंगीत तालीम घेतली. पडद्यावर नाचणीचं कणीस आलं आणि यमुना उठली.

“सर, ही नागली नाय. बाजरी हाय ही.”

“पुस्तकात नाचणी म्हणतात,” मी ठणकावलं.

“नाव काय पन म्हना सर. नागलीला बोटं असतात.” आणि तिने उजवा हात वर धरून पाचही बोटं आत वळवली. हुबेहूब कणीस.

“सरांनी भाकरीच पायलीय, शेत नाय!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदला.

खरंच होतं ते. नाशिकरोडला वाढलेला मी. नागली मला ताटातच भेटलेली. एक पारदर्शिका बदलायला कितीसा वेळ लागला असता? अर्धा तास? पण मला हसले होते ना — मला, जो सगळ्यांना हसवतो त्याला.

आमच्यात एक युक्ती होती, दरवर्षी जुने छात्राध्यापक नव्यांच्या कानात सांगायचे. परीक्षकांसमोर प्रत्येक प्रश्नाला सगळ्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मास्तर विचारणार फक्त उजव्यांना.

“यमुना, तू डावाच करायचा.”

“पन मला येतं, सर.”

“येतं तरी डावा.”

एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही.

पाठाच्या दिवशी मासेबिसे काही वर आले नाहीत. मिणमिणता बल्ब होता. माझी बाजरी नाचणी म्हणून पडद्यावर उभी राहिली, ‘हे कणीस कशाचं?’ या प्रश्नाला चाळीस हात वर गेले, आणि परीक्षक मॅडम म्हणाल्या, “त्या खिडकीजवळच्या मुलीला विचारा ना. केव्हाची हात वर करतेय बिचारी.”

विचारलं. काय करणार?

यमुनाने पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात तिने मला बुडवलं असतं — मग अजून वर असलेल्या स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि तो हळूच खाली घेतला.

“येत नाय, सर.”

तिने मला वाचवलं, की मला घाबरली? मी कधी विचारलं नाही. मी वाकून मॅडमना म्हणालो, “अप्रगत आहे जरा.” मॅडमनी मान डोलावली. पुढे अहवालातही तेच लिहिलं — तीन रकाने पुरले नाहीत, तिच्यासाठी चौथा आखला. वर्गशिक्षकांनी तो अहवाल कौतुकाने ठेवून घेतला आणि यमुनाला खिडकीजवळून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं.

किस्सा इथे संपतो. घडलेलं संपत नाही.

दोन आठवड्यांनी माझ्याबरोबर बी.एड. करणाऱ्या एका मैत्रिणीचा पाठ होता, त्याच वर्गावर. मी निरीक्षणाला मागे बसलो, यमुनाच्या बाकाला लागूनच. मैत्रिणीने विचारलं, “डोंगरउतारावर कोणती पिकं घेतात?” सगळे हात वर गेले. यमुनाचाही गेला.

डावा.

युक्ती मैत्रिणीलाही ठाऊक होती. तिची नजर त्या हातावरून पुढे सरकली. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. हात दर वेळी वर जात होता. तिला येत होतं — येतं तरी डावा, असं तिला कुणी सांगितलं होतं?

मी हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. मी निरीक्षण वही उघडली आणि लिहिलं: ‘सर्व विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.’