एक न उघडलेलं खोकं घेऊन सेमाडोहला

मेळघाटात जायचं ठरलं ते वाघासाठी नाही. दादाला त्याचा नवा माइक तपासायचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मनोहर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि अकोल्यात राहतो. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात किंवा जागेचे वाद उकरून काढतात. दादा कुरिअरवाल्याची वाट पाहतो.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी अकोला येतं. जानेवारीत यायचं असेल तर शाल हाताशी ठेवा. उतरल्यावर स्टेशनबाहेर गरम कचोरी मिळते, ती घरी न सांगता खावी. घरी पोचलात की पोहे तयार असतात आणि नाही म्हणता येत नाही.

दादाच्या घरात शिरलं की आधी चप्पल उचलून ठेवायची, नाहीतर फरशी पुसणारं यंत्र ती ओढत नेतं. एअर फ्रायरमध्ये वहिनी ब्रेड ठेवते. दादाच्या मनगटावरचं घड्याळ त्याला उठा म्हणून सांगतं. तो उठतो, घड्याळाकडे पाहतो आणि पुन्हा बसतो. प्रत्येक वस्तूबद्दल त्याचं ठाम मत असतं. फोनला कव्हर घालणारा माणूस भित्रा. कुठल्याही वस्तूची पहिली आवृत्ती घेऊ नये, दुसरीची वाट पाहावी. हे तो पहिल्या आवृत्त्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभा राहून सांगतो.

पोहे खाताना आम्ही बराच वेळ बोललो. त्यानं फोन एका छोट्या स्टँडवर उभा करून समोर ठेवला होता. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं नेमकं उत्तर दिलं. दादा हल्ली कोणाशी धड बोलत नाही असं वहिनीनं फोनवर सांगितलं होतं, ते मला अतिशयोक्त वाटायला लागलं.

स्वयंपाकघरात वहिनीनं दार लोटून घेतलं.

"तुह्याशी बरोबर बोलला ना? बोलनच. तुह्यं बोलणं त्याच्या फोनले समजते. आमचं नाई समजत."

तेव्हा मला कळलं. फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं ॲप होतं. समोरचा बोलतो, पडद्यावर अक्षरं उमटतात, दादा ती वाचतो आणि उत्तर देतो. कान गेले होते. पूर्ण नाही, पण बरेच. ॲपला पुस्तकी मराठी येत होती. वऱ्हाडी आली की ते भलतंच काही लिहायचं, नाहीतर कोरंच राहायचं.

"आता मी नवऱ्याशी बातम्यायसारखी बोलतो," वहिनी म्हणाली. "चहा घेणार का आपण? पाणी तापले आहे. अशानं कोणाले भांडता येते का? म्हणून बोलणंच कमी करून टाकलं म्या."

मग तिनं डाळीच्या डब्यामागून एक खोकं काढलं. डॉक्टरांनी तपासणी करून, दादाच्या कानांप्रमाणे जुळवून पाठवलेली श्रवणयंत्रं. मुलानं घेतलेली. चिकटपट्टी शाबूत होती. कुरिअर दारात असतानाच खोकं फोडणाऱ्या माणसाच्या घरातलं हे एकमेव न उघडलेलं खोकं.

"तू लहान बहीण आहे. तुह्यं ऐकन तो. कानात घालूनच आण, सुमे. नाईतर या घरात फक्त मशिनाच बोलतीन."

खोकं मी पिशवीत साडीखाली ठेवलं.

रस्त्याचं सांगते. अकोल्याहून अकोट, तिथून अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट. परतवाड्यात पेट्रोल भरा आणि रोख पैसे काढून घ्या, पुढे दोन्हींचा भरवसा नाही. गिला वडाही तिथेच खाऊन घ्या. दह्यात बुडवलेला वडा, वर तिखट चटणी. दादाचं मत असं की गिला वड्याची अजून दुसरी आवृत्ती निघालेली नाही, कारण गरज पडली नाही. एवढं एक मत मला मान्य आहे.

गाडीत नकाशा लावला होता, पण त्यातल्या बाईचा आवाज बंद होता. "तिला आपल्या रस्त्यांचं काही कळत नाही," तो म्हणाला. परतवाडा सोडल्यावर साग सुरू होतो, वळणं वाढतात आणि फोनची रेंज जाते. अंधार पडायच्या आत पोचाल अशा बेतानं निघा. जंगलातल्या नाक्यांवर वेळेचे नियम कडक आहेत.

सेमाडोहला राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. आधी नोंदणी करावी लागते. जेवण गरम, पण सांगाल तेव्हाच शिजतं, म्हणून पोचल्याबरोबर सांगा. गावात रबडी मिळते. ती घट्ट असते आणि गोडही बेताचीच. दुपारी आलात तर संपलेली असते.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी विषय काढला.

"दादा, वहिनीनं एक वस्तू दिली आहे."

"पाहिली मी. तुझ्या पिशवीत, साडीखाली." फोन स्टँडवर होताच, लिहिणाऱ्या ॲपला रेंज लागत नाही. "तिला लपवता येत नाही. डाळीच्या डब्यामागे तीन महिने होती."

"मग?"

"पुढची आवृत्ती येऊ दे. बॅटरीबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत. शिवाय आवाज धातूसारखा येतो म्हणतात."

"तू हे कधी वाचलंस?"

"सगळं वाचलं. कोणत्याही वस्तूवर एवढं वाचलं नव्हतं." त्यानं फोनचा स्टँड थोडा सरकवला. "ते म्हाताऱ्यांचं असतं गं."

त्यानं केस काळे केले होते, आणि रंग कुठल्या कंपनीचा चांगला याबद्दलही त्याचं मत होतं. मी रबडीची वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सी. गाडीचं भाडं, गाइड आणि प्रवेश यांचे पैसे वेगवेगळे द्यावे लागतात, सुटे ठेवा. वाघ दिसेल असं कोणी वचन दिलं तर हसून सोडून द्या. आम्हाला गवा दिसला. सिपना नदीच्या काठी, झाडांच्या सावलीत, भिंतीसारखा. गाइडनं ओठांवर बोट ठेवलं, नंतर हातानं दाखवलं. सगळे खुणांनी बोलत होते. दादा इतका खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"हे बरं आहे," जिप्सीतून उतरल्यावर तो म्हणाला. "इथे सगळेच माझ्यासारखे."

माइक त्यानं नदीकाठी दगडावर मांडला. पक्ष्यांचे आवाज ओळखणारं दुसरं एक ॲप होतं, त्यालाही रेंज लागत नाही. पडद्यावर नाव यायचं आणि दादा म्हणायचा, "ऐक, हळद्या!" मी ऐकायचे. मग एक पक्षी आमच्या डोक्यावरच बोलायला लागला. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. त्या पक्ष्याचं नाव ॲपला येत नव्हतं. दादा पडद्याकडे पाहत शांत बसून होता.

परतताना अंजनगावला चहासाठी थांबलो. या भागात पानपिंपरी होते, औषधात जाणारी लांब मिरीसारखी शेंग. मळे हिरव्या जाळीखाली झाकलेले असतात, विचारलं तर दाखवतात. तिथून सरळ अकोल्याला न जाता आम्ही तेल्हाऱ्याकडे वळलो. गावाबाहेर पुंडलिकचं शेत आहे. तो दादाचा शाळेपासूनचा मित्र. भाजीपाला आणि झेंडू लावतो, थोडी संत्र्याची झाडं आहेत. त्याच्या बायकोनं वहिनीकडे रोडग्यांचं आमंत्रण दिलं होतं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. हे घरात होत नाही. शेतातच करायचं असतं, आणि ओरडून बोलत खायचं असतं.

"अबे मन्या! मेला का होता बे इतके दिवस?" पुंडलिक बांधावरूनच ओरडला.

दादानं बाजेवर बसून स्टँड काढला आणि त्यावर फोन उभा केला. पुंडलिक बोलत होता. झेंडूला भाव नाही, रानडुकरं फुलकोबी उकरतात, धाकट्या पोरीचं लग्न ठरत आलं आहे. पडद्यावर अर्धी ओळ उमटायची आणि पुसली जायची.

"पुंड्या, जरा स्वच्छ बोल," दादा म्हणाला.

"म्हंजे? तोंड धुऊन येऊ का?"

पुंडलिकची बायको कमलताई चुलीपाशी खो खो हसल्या. दादाही हसला, पण सगळे हसले हे पाहून. पुंडलिकनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

फुलकोबी काढायला मी पुंडलिकसोबत वाफ्यात गेले तेव्हा त्याला खरं सांगितलं. तो गड्डा हातात घेऊन उभा राहिला.

"आन आमी समजून राहिलो होतो, मन्याले घमंड आली. फोन केला त बोलत नाई, आवाज देल्ला त पायत नाई. मी त त्याले पोरीच्या सोयरिकीतबी बोलावलं नाई." त्यानं गड्डा टोपलीत टाकला. "त्या फोनले कसं बोललेलं समजते?"

"पुस्तकात असतं तसं."

पंगत बसली. केळीच्या पानावर फोडलेले रोडगे, वर तूप. दादासमोर फोन. पुंडलिक त्याच्या शेजारी मांडी घालून ताठ बसला, घसा साफ केला आणि म्हणाला,

"मनोहरराव, वांग्याची भाजी आपल्याला आवडली का?"

पडद्यावर वाक्य उमटलं. एकही चूक नाही. प्रश्नचिन्हासकट.

दादानं ते वाचलं आणि मान वर केली. कमलताईंनी हसू पदरात दाबलं, मग त्यांचंही हसू गेलं.

"आपण पोटभर जेवावे. संकोच करू नये."

तेही उमटलं. गडी माणूस, आयुष्यभर दादाला अबेच्या पुढे काही म्हणाला नव्हता. आता शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसा, हात गुडघ्यांवर ठेवून बोलत होता. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"पुंड्या," दादा म्हणाला, "असा कावून बोलून राहिला?"

"आपल्या यंत्राला समजावे म्हणून."

हेही यंत्राला समजलं. दादा त्या ओळीकडे पाहत राहिला. हातातला रोडगा त्यानं पानावर ठेवला. फोन उचलून पालथा केला आणि उठून नळीवर हात धुतले.

"सुमे, ते खोकं दे."

एरवी खोकं उघडताना दादा प्रत्येक टप्प्याचा फोटो काढतो. आज त्यानं पुंडलिकचा विळा मागितला आणि चिकटपट्टी कापली. सवय मात्र सुटली नाही. "खोकं दणकट आहे. चार्ज अजून शिल्लक आहे, पण चार्जरची वायर आखूड. रंग कातडीसारखा म्हणतात, पण आपल्या नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी." डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे विज्ञानाच्या मास्तरला दोनदा वाचावं लागलं. शेवटी दोन्ही कानांत बसली. फोनशी जोडली गेल्याचा आवाज फक्त त्यालाच आला, कारण तो दचकला.

"हे काय खरखर करून राहिलं?"

"कुत्रं. संत्र्याच्या झाडाखाली पाचोळ्यात," मी म्हटलं.

"एवढ्या मोठ्यानं?"

पुंडलिक अजून ताठच होता. "आता आपल्याला ऐकू येते का?"

"आपल्याला म्हणू नको बे."

पुंडलिकनं एक क्षण त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. आणि मग सुटला. "मंग इतके दिवस काय मुक्यावानी बसला होता बे, गाढवा? मास्तर होता ना तू? पोरायचे कान पिरगाळले अन् स्वतःचे पायता आले नाई तुले? चौकात भेटला त तोंड फिरवून गेला, म्या म्हटलं याच्या घरी पाय ठेवन त नावाचा पुंडलिक नाई..."

"हळू बोल. कान फुटतात."

"फुटू दे! नवे आहेत ना!"

कमलताईंनी दादाच्या पानावर आणखी एक रोडगा फोडला. "भाऊजी, पोरीचे पाव्हणे येऊन राहिले पुढच्या ऐतवारी. तुमी या. बोलायले कोणी पायजे, याले त नुसतं वरडता येते." दादा हो म्हणाला. आवाज धातूसारखा येतो हे त्यानं तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी पुंडलिकनं त्याला नवीन शिवी दिली.

अकोल्यात पोचलो तेव्हा वहिनी दारात होती. तिनं दादाच्या कानांकडे पाहिलं, मग सवयीनं हळू आणि नीट विचारलं, "आपण जेवून आलात का?"

"हो. पोटभर."

फोन खिशात होता. वहिनीनं ते पाहिलं. तिनं पदर कमरेला खोचला.

"जेवून आले? मंग मी स्वयपाक कोणासाठी केला? फोन करता येत नव्हता? एवढे फोन घेऊन फिरता!"

त्या संध्याकाळी घरात यंत्रांचा आवाज मला आला नाही.

मेळघाटाला जायचं तर थंडीत जा, दोन मुक्काम ठेवा, घाईनं वाघ शोधू नका. तेल्हाऱ्याकडचे रोडगे मात्र कुठल्या हॉटेलात मागू नका. त्यांना एखादा पुंडलिक लागतो, आणि तो ज्याचा त्याला शोधावा लागतो.

पुण्यात परतून आठवडा झाला. दादानं श्रवणयंत्रांचं लांबलचक परीक्षण लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आहे. पाच दोष, एक गुण. गुण सांगितलेला नाही. काल त्याचा फोन आला. पाव्हणे येऊन गेले, पोरीचं लग्न ठरलं, आणि जमवताना दादा एवढा बोलला की पुंडलिकला बोलायला मिळालं नाही. मी म्हटलं, "अरे वा, छान झालं. मला फार आनंद झाला."

दादानं मला मध्येच तोडलं.

"सुमे, आता मले ऐकू येते. तू कावून अशी बोलून राहिली?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. इतक्या वर्षांनी वऱ्हाडीत बोलायचं, पहिलं वाक्य जुळवावं लागलं. दुसरं आपोआप आलं, आणि तिसऱ्यापासून मी त्याला चांगलंच सुनावलं. एवढे दिवस बहिणीला साधं सांगता आलं नाही का म्हणून.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "कोणाशी भांडते आहेस?"

"भांडत नाही," मी म्हटलं. "दादाशी बोलून राहिली."