स्क्रमला माझाही खांदा

रग्बी आमच्या एडवण गावात सगळ्यांत जास्त मला कळते, असं बासष्टाव्या वर्षापर्यंत माझं मत होतं. (तेव्हा मी तरुण होते. वय वाढलं तशी अक्कल आली, असं घरचे म्हणतात.)

माझी नात सानिका हा खेळ खेळायला लागली आणि मला शिकवायलाही लागली. दोन्हीकडे सात-सात पोरी, चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो घेऊन पळायचं पुढे, पण सोबतिणीकडे टाकायचा बाजूला नाहीतर मागे. जिच्या हातात चेंडू, तिलाच पाडायचं, तेही खांद्याखाली धरून. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे पाच गुण. एवढ्या भांडवलावर मी बोंबील विकता विकता गिऱ्हाइकांना रग्बी समजावत असे. एक बाई तर बोंबील न घेताच गेली.

माझा लेक महेश, म्हणजे सानिकाचा बाप, याला हे थेर पसंत नव्हते. बोईसरच्या मुलींशी सामना होता, त्या सकाळी त्याने बजावलं, "आज हरलात तर खेळ बंद. घरी बोंबील वाळत घालायला मानूस पायजे."

मैदानाच्या कडेला मी, गजरा माळून आलेली शेजारची हिरूबाय आणि अख्खा मासळीबाजार. महेश सगळ्यांच्या मागे, तोंड फिरवून उभा.

"चेंडू मागं का टाकतात गो?" हिरूबायने विचारलं.

"पुढं जायला."

"मंग पुढंच टाकायचा ना."

"तुला नाय कळायचं." (मलाही कळलं नव्हतं.)

सामना संपत आला. आम्ही दोन गुणांनी मागे. एक ट्राय झाला की जिंकलो. रेषेपाशीच बोईसरच्या मुलीच्या हातून चेंडू पुढे सांडला. पंचांनी स्क्रम दिला. आमच्या तीन आणि त्यांच्या तीन पोरी वाकून, खांदे भिडवून एकमेकींना रेटू लागल्या. आमच्या तिघींच्या मधोमध सानिका.

स्क्रमचा धडा माझा व्हायचा होता. मला दिसली वाळूत रुतलेली होडी. आमच्याकडे होडीला कुणी खांदा लावला की किनाऱ्यावरचं माणूस बसून राहत नाही. आणि इथे तिघी ढकलतायत, बाकीच्या चौघी लांब उभ्या!

"होडीला तिघी पुरतात काय?" म्हणत मी पदर खोचला आणि सानिकाच्या मागे खांदा लावला. माझ्यामागे हिरूबाय. तिच्यामागे बाजार.

"आजी, तू हितं काय करतेस?" सानिका खालून किंचाळली.

"ढकल. बोलत बसू नको."

समोरच्या पोरी मुकाट बाजूला झाल्या. आम्ही सगळ्या चेंडूसकट रेषेपलीकडे जाऊन आदळलो. "ट्राय," मी खालून जाहीर केलं.

पंचांनी धावत येऊन माझ्यासमोर लाल कार्ड धरलं. नाश्त्याचं कूपन समजून मी ते कमरेला खोचलं.

"आजी, ते परत द्या."

"मंग पोरींनी खायचं काय?"

ट्राय रद्द झाला, चेंडू बोईसरला मिळाला, सामना गेला. सानिकाच्या डोळ्यांत पाणी. महेश मात्र पंचांशी भांडत होता, "आमच्या पोरी जिंकत होत्या!"

सानिकाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बाबा, तुमच्या खांद्यावर हिरूबायच्या गजऱ्याची फुलं कशी?"

सगळा बाजार वळून बघू लागला. महेशने फुलं झटकली.

"मलापन होडीच वाटली," तो पुटपुटला. मग सानिकाची पिशवी उचलत, "उद्या सरावाला कितीला जायचं?"

सानिका आता पालघर जिल्ह्याच्या संघात खेळते. एवढे सामने झाले, पण आमच्या घरात लाल कार्ड आजवर एकाच खेळाडूला मिळालंय. आणि तिने ते अजून परत केलेलं नाही.